हातगाडीवरचा बेंजो

मला रॉक संगीताची गोडी लावली ती ब्रह्मपुरीच्या बसस्टँडजवळच्या एका मोबाइलवाल्यानं, आणि तीही चुकून.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. नोकरीच्या मुलाखती इंग्रजीत होतात, असं कॉलेजात कुणीतरी सांगितलं आणि माझी झोप उडाली. आमच्या घरात मुलाखतीला बसलेलं कुणीच नव्हतं. आई-बाबा दोघंही दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाणारे. मी मेमरी कार्ड घेऊन दुकानात गेले आणि म्हटलं, "भाऊ, इंग्लिश भरून द्या." मला हवं होतं इंग्रजी बोलायला शिकवणारं काहीतरी. त्यानं विचारलं, "जोरवालं देऊ का हळूवालं?" मला वाटलं, जोरवालं म्हणजे मोठ्यानं, स्पष्ट बोलत असतील. म्हटलं, "जोरवालं द्या."

होस्टेलवर येऊन वही-पेन घेऊन बसले, कानात वायर घातली, आणि एक माणूस असा काही किंचाळला की पेन हातातून पडलं. तरी मी आठवडाभर नेमानं ऐकलं. वाक्यं लिहून घ्यायचा प्रयत्न केला. पहिल्या गाण्यातून चार शब्द मिळाले. दुसऱ्या आठवड्यात वही बंद केली आणि नुसतंच ऐकत बसले. फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे होते. त्यामुळे दोन वर्षं माझ्यासाठी जगातले मोठमोठे बँड म्हणजे ट्रॅक सात, ट्रॅक एकोणीस आणि ट्रॅक बेचाळीस होते.

त्या गाण्यांनी माझी इंग्रजी सुधारली असं मी म्हणणार नाही. पण भीती गेली. इतका घसा फाडून बोललेली इंग्रजी ज्यानं ऐकली आहे, त्याला टेबलापलीकडच्या तीन साहेबांची हळू आवाजातली इंग्रजी काय घाबरवणार? डिप्लोमा झाला, डिग्री झाली, नोकरी लागली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते.

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरला वीज केंद्रात रुजू झाले आणि तिथं मला माझ्यासारखे दोन वेडे भेटले. एक इन्स्ट्रुमेंटेशनचे सर. निवृत्तीला आलेले, मूळचे पुण्याचे, कॅसेटच्या काळापासूनचे रॉकवाले. घरी चांगले माइक आणि रेकॉर्डर बाळगून असलेले. दुसरा बॉयलरवरचा माझा एक दोस्त, पक्का चंद्रपूरचा. दर रविवारी सकाळी आम्ही सरांच्या क्वार्टरवर जमायचो. काकू तर्रीपोहे करायच्या. प्रत्येकानं एक गाणं आणायचं, आणि ते वाजत असताना कुणी बोलायचं नाही, एवढाच नियम.

बँडांची नावं मी इथं मुद्दामच देत नाही. नावं दिली की वाचणारे आपापली बाजू घेऊन भांडायला लागतात, आणि मला ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे त्याच्या बाजूला कुणी उरत नाही. एवढंच सांगते की सरांना लांबलचक गाणी आवडायची. एक गाणं संपेपर्यंत वरण शिजून व्हायचं. दोस्ताला हवा नुसता दणका. "ताई, हा ड्रमर आयका. आपली कोळशाची मिल चालू झाल्यासारखं वाटते का नाई?" मला मात्र आवडायचे कमी माणसांचे, कमी सुरांचे बँड. तीन जण, एक गिटार, आणि ती गिटार फाटलेल्या आवाजात रडते, भांडते, मग एकदम गप्प होते.

अशाच एका रविवारी मी म्हटलं, "पुढच्या वेळी मी आपल्याकडचा एक माणूस आणते. या सगळ्यांच्या तोडीचा."

"कोण?" सरांनी विचारलं.

"बेंजोवाले भाऊ."

इथं बेंजो म्हणजे काय ते सांगायला हवं. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. आमच्याकडे वरातीपुढे धुमाल चालते, म्हणजे ढोल, ताशे, भोंगे आणि त्या सगळ्यांच्या पुढे हातगाडीला बांधलेला बेंजो. भाऊ वैनगंगेपलीकडचे, आरमोरीच्या बाजूचे. दिवसा सायकली दुरुस्त करायचे आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचे. माझं गावही नदीच्या त्याच बाजूला, तिथल्या जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी तेच. तारा छेडायची त्यांची नखी तुटक्या कंगव्याची. ते बटण दाबायचे आणि बटणापलीकडच्या तारेवर अंगठ्यानं असा दाब द्यायचे की सूर वर चढून थरथरायला लागायचा. अॅम्प्लीला, म्हणजे अॅम्प्लिफायरला, झेपत नाही इतका आवाज दिला की लहरीचे माथे छाटले जातात आणि सूर फाटतो. मी इलेक्ट्रिकलची आहे, मला हे आता कागदावर काढून दाखवता येतं. रॉकवाले त्यासाठी गिटारला जोडायचं पेडल विकत घेतात. भाऊंच्या जुन्या भोंग्यातून ते फुकटात निघायचं. होस्टेलवर ट्रॅक सात पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला एकदम वाटलं होतं, अगं, हे तर मी लहानपणापासून ऐकते आहे.

पुढच्या रविवारी मी मोबाइलवर आतेबहिणीच्या वरातीचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात जनरेटर होता, गाडीचा हॉर्न होता, "बाजू व्हा, बाजू व्हा" होतं, आमच्या मोठ्या आत्याचं खिदळणं होतं. आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी बेंजो.

दोस्त पोहे खाता खाता हसायला लागला. "ताई, हे तं धुमाल हाय! याच्यात काय आयकाचं, याच्यात तं नाचाचं असते."

सर हसले नाहीत. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "मागे काहीतरी आहे खरं. पण यावरून मी काही सांगू शकत नाही. माणूसच घेऊन ये. मी नीट रेकॉर्ड करतो."

मला हेच हवं होतं, आणि लवकर हवं होतं. कारण भाऊंच्या धुमालच्या मालकानं डीजे आणला होता. ही लग्नसराई झाली की बेंजो बंद, असं त्यानं भाऊंना सांगून टाकलं होतं. आज इतकी वर्षं हा माणूस वाजवतो आहे आणि त्याचं एक धड रेकॉर्डिंग जगात कुठं नाही. या उन्हाळ्यात झालं नाही, तर ते कधीच होणार नव्हतं.

सुट्टी काढून मी आरमोरीच्या बाजूला गेले. भाऊ दुकानात सायकलचं पंक्चर काढत होते. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते.

"काऊन वं पोरी, साहेबीण झाली आन् सायकल चालवून राह्यली का अजून?"

"भाऊ, तुम्ही ऊर्जानगरला चला. तुमचं वाजवणं रेकॉर्ड करायचं आहे."

"कोणाच्या लग्नात?"

"लग्नात नाही. नुसतं ऐकायला."

त्यांनी ट्यूब पाण्याबाहेर काढली. "नुसतं आयकाले? बेंजो?" मग शेजारच्या टपरीवाल्याकडे पाहून म्हणाले, "आयकलं का? हिले नवरदेवाबिगर बेंजो पाहिजे."

"भाऊ, गंमत नाही करत."

"मीही नाई करत. मालक म्हणे बंद कराचं. म्या म्हटलं, करतो. पेटी भंगारवाल्याले देऊन टाकाची होती या महिन्यात." त्यांनी ट्यूबवर पॅच दाबून धरला. "येतो. पण चहा चांगला पाजजो."

पुढच्या रविवारी भाऊ पहिल्या बसनं आले. बेंजो चादरीत गुंडाळलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नव्या चपला. सरांनी हॉल तयार ठेवला होता. दोन माइक स्टँडवर, खिडक्या बंद, आवाज नको म्हणून कूलरही बंद. मे महिन्यातलं चंद्रपूर आणि कूलर बंद! भाऊ सोफ्याच्या कडेला बसले, बेंजो टीपॉयवर ठेवला, आणि वाजवायला लागले.

ते मेलेलं होतं. दुसरा शब्द नाही. प्रत्येक सूर जागच्या जागी, आणि एकातही जीव नाही. शाळेत पोरं पाढे म्हणतात तसं. मध्येच लय लटकायची, मग ते घाईनं पुढं जायचे. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. एक गाणं झालं, दुसरं झालं. सर म्हणाले, "छान. फार छान." ते पुणेरी "छान" मला चांगलं ओळखता येतं. दोस्त पोह्यातले शेंगदाणे वेचत होता. माझ्याकडे पाहत नव्हता.

मला भाऊंपेक्षा माझाच राग आला. मीच या माणसाला सगळ्यांच्या तोडीचा म्हणून आणलं होतं, आणि मीच त्याला या गरम खोलीत अपमान करून घ्यायला बसवलं होतं.

भाऊंनी नखी टीपॉयवर ठेवली. "नाई जमत बाप्पा इथी. राहू द्या. डीजेच बरा."

"भाऊ," मी विचारलं, "वरातीत वाजवताना तुम्ही कुठं बघता?"

"पायाकडे."

"कुणाच्या?"

"जो नाचते त्याच्या. आन् गाडी चालते नं, तिच्या चाकाकडे. पाय थकले का मी हळू करतो, पाय पेटले का मी पेटतो. इथी कोणाचे पाय पाहू? या टीपॉयचे?"

दोस्त खुर्चीतून उठलाच. "ताई! हातगाडी पाहिजे!"

इतका साधा मुद्दा होता. आम्ही तिघंही संगीताचे जाणकार म्हणवणारे, आणि चालता चालता आयुष्यभर वाजवलेल्या माणसाला आम्ही सोफ्यावर बसवलं होतं. मी तर त्याच गाडीमागे लहानपणापासून चालले होते. चूक माझीच सगळ्यात मोठी.

बाहेर भाजीवाली बाई नेहमीप्रमाणे गाडी घेऊन उभी होती. दोस्तानं तिला विनवलं.

"आन् माही भाजी कुठी ठेवू? तुमच्या डोक्स्यावर?"

काकू दारात आल्या. "माझ्या व्हरांड्यात ठेव. मी बसते राखण करत." अर्ध्या तासात काकूंचा व्हरांडा कांदे, वांगी आणि कोथिंबिरीनं भरून गेला. दोस्ताच्या ब्लॉकच्या जिन्याखाली उत्सव समितीचे भोंगे आणि अॅम्प्ली पडून होते, ते त्यानं आणले. सरांच्या घरचा इन्व्हर्टर बॅटरीसकट मी गाडीवर चढवला आणि वायरिंग केलं. भाऊंनी बेंजो गाडीच्या पुढच्या कडेला सुतळीनं घट्ट बांधला. तो बांधताना त्यांची बोटं पहिल्यांदा ओळखीची वाटली.

गाडी रस्त्यावर आली तसा कॉलनीचा सिक्युरिटी गार्ड शिट्टी फुंकत धावला. "वरात कोणाची हाय?"

"माही," दोस्त म्हणाला.

"तुमचं तं झालं नं लग्न?"

"पुन्हा करून राह्यलो. तिच्याच संगं."

गार्डनं घड्याळ पाहिलं, सरांकडे पाहिलं. सर कानाला हेडफोन लावून, हातात लांब दांडीचा माइक धरून उभे होते. साहेबच सामील आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, "एकच चक्कर. दवाखान्याच्या बाजूनं नाई." आणि तोही मागून चालायला लागला.

दोस्त गाडी ढकलत होता. भाऊ बाजूनं चालत वाजवत होते. पंधरा-वीस पावलं गेलो. सूर आता जरा मोकळे होते, पण अजून ते नव्हतं. भाऊंनी मान वर केली.

"पाय नाई दिसून राह्यले," ते म्हणाले.

खरंच होतं. आम्ही चौघं इन्स्पेक्शनला निघाल्यासारखे चालत होतो. सरांच्या दोन्ही हातांत माइक. दोस्ताच्या हातात गाडी. गार्ड तर गार्डच. राहिले मी.

हे मला सांगायलाच हवं. ऊर्जानगरात आले तेव्हा शिफ्टवर बाई म्हणून मी एकटी होते. गावाकडची आहे असं कुणी म्हणू नये म्हणून पहिलं वर्षभर मी मोठ्यानं हसलेसुद्धा नाही. बोलणं पुस्तकी केलं. वरातीत नाचणं तर मी नदीपलीकडेच ठेवून आले होते. आणि त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांत माणसं उभी होती. त्यात माझ्याच शिफ्टचे दोन ऑपरेटर, हातात चहाचे कप घेऊन. उद्या सकाळी मलाच त्यांना सूचना द्यायच्या होत्या.

मी ओढणी कमरेला खोचली आणि गाडीपुढे जाऊन नाचायला लागले.

आत्याच्या पोरींबरोबर नाचायचे तशी. दोन्ही हात वर, टाच आपटत, गाडीकडे तोंड करून मागं मागं सरकत. पहिली दहा पावलं जड गेली. मग भाऊंची नजर माझ्या पायांवर आली आणि मला ती दिसली. त्यांनी खांदे सोडले. कंगव्याचा तुकडा तारांवर आडवा फिरला, अंगठा दाबला गेला, आणि भोंग्यातून तो सूर निघाला. फाटलेला, वर चढलेला, वळणावर थरथरत थांबलेला.  मी थांबले की ते थांबायचे, नुसता एक सूर धरून. मी टाच आपटली की ते कोसळायचे. मी त्यांना नाचवत होते की ते मला, ते मला सांगता येणार नाही.

बाल्कन्या रिकाम्या व्हायला लागल्या. शेजारच्या ब्लॉकमधल्या तीन बाया पदर खोचत आल्या. माझे दोन्ही ऑपरेटर कप घेऊनच आले, आणि त्यातला एक असा नाचायला लागला की चहा गार्डच्या गणवेशावर सांडला. कॉलनीतले एक निवृत्त आजोबा लेंग्यात, एक हात कमरेवर. काकू व्हरांडा सोडून आल्या आणि मागून भाजीवाली ओरडत आली, "मॅडम, भाजी कोण पाहून राह्यलं?" आणि ओरडता ओरडताच तीही नाचायला लागली. भाऊ एका धूनमधून दुसरीत गेले, तिथून तिसरीत, मध्ये श्वास नाही. सरांच्या आवडीचं एखादं गाणं असतं तितकं लांब, दोस्ताच्या आवडीचं असतं तितकं जोरात, आणि माझ्या आवडीचं असतं तितकं उघडं. सर मागं मागं चालत माइक पुढे धरून होते. वळणावर ते नालीत गेले. एक पाय गुडघ्यापर्यंत आत. माइक मात्र बोटभरही खाली आला नाही.

गार्डच्या एका चकरेच्या तीन चकरा झाल्या. त्यानं एकदाही शिट्टी वाजवली नाही.

नंतर सरांच्या हॉलमध्ये कूलर पूर्ण सोडून आम्ही सगळे बसलो. सरांचा एक पाय ओला. त्यांनी आधी स्वतः ऐकलं, डोळे मिटून, सगळं. मग म्हणाले, "बाई, तू कमी सांगितलं होतंस." आणि दोस्ताला म्हणाले, "पुढच्या रविवारी हे लावायचं. पण शेवटी. याच्यानंतर तुझा ड्रमर लावला तर कुणी ऐकणार नाही."

"मीच नाई आयकणार," दोस्त म्हणाला.

मग सरांनी हेडफोन भाऊंच्या कानाला लावला. त्यांनी स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. वाजवताना माणूस भोंग्याच्या मागे असतो, त्याला आवाज उलटा येतो. पहिले काही क्षण ते नुसते समोर पाहत राहिले. मग डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. मध्येच ते हसले. बहुतेक भाजीवालीचं ओरडणं आलं असावं. मग भुवया आवळल्या. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी हेडफोन काढून टीपॉयवर ठेवला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"हे आयकणाऱ्याले समजते का, कोण वाजवून राह्यलं?"

"तुमचं नाव टाकू," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात."

"नाव टाका नं. म्या कुठी नाई म्हटलं." त्यांनी सरांकडे बोट केलं. "पण दुसऱ्या चक्करमधी, तुमी नालीत गेले नं, तिथी माहं चुकलं. एक बटण घसरलं. ते तसं जाऊ नाई द्यायचं."

"कुणाच्या लक्षातही येणार नाही," सर म्हणाले.

"माह्या येते नं." भाऊ उठले, बेंजोच्या तारा एकेक करून सैल केल्या आणि चादर पसरली. त्यांच्या बोलण्यात आता मालकाचा डीजे नव्हता, भंगारवालाही नव्हता. "पुन्हा घेऊ. येत्या रविवारी मी येतो, पहिल्याच बसनं. तारा नव्या लावून आणतो. चाकाले तेल घालून ठेवजा, लय कुईकुई करते ते. आन् पोरी, तू चपला बदल. टाच नीट वाजत नाई तुही."

दारात भाजीवाली कांदे गाडीत भरत होती. "आन् येत्या रविवारी माही गाडी?"

"तुही गाडी नाई," भाऊ म्हणाले. "रविवारी ती माही हाय."